शिफारस मान्य

तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात यंदा सातच मुलं उरली होती, आणि त्यांतली दोन नुसती हजेरीपुरती. तास संपला. सरांनी फळा पुसला आणि खुर्चीत अंग टाकलं. सार्वजनिक धोरण आणि आंतरराष्ट्रीय संबंध. पदवीला मायनर म्हणून, मुख्य विषयाच्या जोडीला घ्यायचा विषय, म्हणजे मुलांच्या लेखी वेळापत्रकातली भोकं बुजवायचा विषय.

अकरा वर्षं ते हाच विषय शिकवत होते, दरवर्षी नव्या करारावर. विषय गेला की नोकरी गेली. तो ठेवायचा की नाही, हे प्राचार्य शनिवारी सांगणार होते. बायकोनं विचारणं कधीच सोडलं होतं. ती नुसती तोंडाकडे बघायची, आणि तेच सरांना जास्त जड जायचं.

"सर, एक शंका होती."

सांख्यिकीवाली. तिचा मुख्य विषय सांख्यिकी, म्हणून वर्गात तिचं हेच नाव पडलं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून यायची आणि शेवटच्या तासाला जांभया दाबत बसायची. पण सरांचं एकही वाक्य तिच्या वहीतून सुटत नसे.

"एखादी सेवा चालू आहे, पण घेणारे दरवर्षी कमी होतायत. ती बंद करा असं परीक्षेच्या निवेदनात लिहिलं तर चालेल?"

"तुझी ती रिकामी बस ना?" सर हसले. "हाडं खिळखिळी झाली असतील तुझी."

तीही हसली. मग म्हणाली, "चालवणारा माणूस चांगला आहे हो सर. जीव तोडून चालवतो."

"मग त्याला नमस्कार कर. निवेदनात त्याला जागा नाही. ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांच्या पदरात काय पडतं, तेवढं मोज. बाहेरच्या देशांत काय केलं तेही बघ. आणि एकदा ठरलं की कच खाऊ नकोस."

ती मान खाली घालून लिहून घेत राहिली.

सरांची परीक्षेची रीत जगावेगळी होती. निवेदन त्यांना दाखवायचंच नाही. ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याच्याकडे थेट पाठवायचं. उत्तर आलं की मगच सर वाचणार, आणि शिफारस मान्य झाली तर पैकीच्या पैकी गुण. अकरा वर्षांत ते कुणालाही मिळाले नव्हते. कचेऱ्या साधी पोचसुद्धा देत नसत.

शनिवारी बोलावणं आलं. तीन जिने उतरताना सरांचे गुडघे कुरकुरत होते.

"बसा," प्राचार्य म्हणाले. "तुमच्या त्या सांख्यिकीच्या मुलीचं निवेदन वाचलं. काय मुद्देसूद लिहिते हो! आकडे, तीन देशांचे दाखले. कुठे बोट ठेवायला जागा नाही."

परिवहन खात्यानं कॉलेजला प्रत धाडली असणार, सरांना वाटलं. "मान्य झाली शिफारस?"

"पूर्ण."

सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. किती तरी दिवसांनी त्यांना मनापासून आनंद झाला होता. "गुणपत्रक आहे ना इथे? द्या, आत्ताच भरतो."

"म्हणजे तिची शिफारस तुम्हालाही पटते?"

"न वाचता सांगतो, साहेब. माझ्या हाताखाली तयार झालीय ती." सरांनी पैकीच्या पैकी गुण लिहिले आणि खाली झोकात सही ठोकली. मग धीर करून म्हणाले, "अशी मुलं घडतात, म्हणून तरी हा विषय टिकायला हवा."

प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कालपर्यंत मी वर्षभराची मुदतवाढ द्यायच्या विचारात होतो. खरंच सांगतो."

त्यांनी निवेदन टेबलावरून पुढे सरकवलं. सरांनी विषयाची ओळ वाचली: 'सार्वजनिक धोरण व आंतरराष्ट्रीय संबंध हा मायनर विषय येत्या वर्षापासून बंद करण्याबाबत.'