दुसरा कीबोर्ड

"मेलो तरी लॅपटॉप दुरुस्तीला धाकट्याकडे नेऊ नकोस, असं ह्यांनी बजावलं होतं, भावोजी. पण मुलांचे फोटो त्यात आहेत," वहिनी म्हणाल्या आणि उभ्या-उभ्याच निघून गेल्या.

लॅपटॉप सुरू होताना अडकायचा: 'दोन कीबोर्ड सापडले.'

बिघाड डिस्कमध्ये असेल म्हणून धाकट्याने दादाची डिस्क काढून ठेवली, कोरी घातली, नव्याने लिनक्स टाकलं. दादा गेला, राग मात्र गेला नव्हता. पासवर्ड म्हणून त्याने दादाला तोंडावर कधी न दिलेली शिवी ठेवली.

तरीही कीबोर्ड दोनच. वैतागून त्याने लॅपटॉपचा कीबोर्डच उपटून टेबलावर ठेवला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

'एक कीबोर्ड सापडला.'

पासवर्डच्या चौकटीत ठिपके उमटू लागले, दादा एका बोटाने टाइप करायचा तसे, रेंगाळत. शेवटचा नेहमीसारखा चुकला, पुसला गेला, पुन्हा उमटला.

लॅपटॉप उघडला.