धुतलेली टोपी

ड्रायरमधून टोपी बाहेर काढली आणि ऑर्व्ही खेळाडूंच्या खोलीतल्या बाकावर मटकन बसला. टोपी पार आटली होती. मांजराला घालावी एवढीशी.

चाळीस वर्षं हा माणूस एकाच बेसबॉल क्लबात खेळाडूंचे कपडे धुतोय. गवताचे डाग, तंबाखूचे, रक्ताचे, सगळे काढलेत. पण हल्लीच्या टोप्या पडल्या नायलॉनच्या. उकळा नाहीतर भाजा, त्यांना ढिम्म काही होत नाही. ही होती अठरा वर्षांपूर्वीची, अस्सल लोकरीची. हाताच्या सवयीने गेली मशीनमध्ये.

आणि टोपी कुणाची, तर लायल ब्रॅडॉकची. त्याच्या पहिल्या वर्षाची. आईने जपून ठेवली होती, ती परवा नेब्रास्काहून बिस्किटांच्या डब्यात घालून पाठवली.

लायल आता अडतीस वर्षांचा. या वयात बाकीचे गुडघे चोळत घरी बसतात आणि हा गडी सामन्यामागून सामन्यात चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावतोय. मग काय, लोक म्हणाले, ताकदीच्या सुया टोचून घेत असणार. लघवी तपासली, काही निघालं नाही. लोक म्हणाले, मग न सापडणारं औषध असणार. वर एका पेपरने त्याचे दोन फोटो शेजारी-शेजारी छापले, तेव्हाचा आणि आत्ताचा. बघा, औषधाने डोकं कसं फुगलंय! झालं. तेव्हापासून हा मैदानात उतरला की "भोपळ्या! भोपळ्या!" आणि ओरडणारे कोण, तर आपल्याच गावचे.

शेवटी लायलचं डोकं फिरलं. म्हणाला, माझी जुनी टोपी सगळ्यांसमोर घालून दाखवतो. बसली तर तोंडं बंद करायची. तो कार्यक्रम आज होता, आत्ता, मॅचच्या आधी. पेपरवाले दाराबाहेर जमलेसुद्धा होते.

लायल शर्टाची बटणं लावत आत आला. "म्हाताऱ्या, आण टोपी. एकदाचं उरकून टाकू."

"पोरा, मी धुतली रे ती."

लायलने टोपी हातात घेतली. आत बोटं घालून ताणून बघितली. मापाचा आकडा तर घामाने कधीच पुसून गेला होता.

"तुला कुणी सांगितलं होतं धुवायला?"

"घामाच्या मिठाचे पांढरे पट्टे होते तिच्यावर, हे एवढाले! टीव्हीवर तसली घालणार होतास?"

लायल काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं आणि दहा-बारा जण कॅमेरे घेऊन आत घुसले. पुढे हॅस्किन्स, ते दोन फोटो छापणारा.

"घालतोस ना?" हॅस्किन्स म्हणाला.

लायलने एकदा ऑर्व्हीकडे बघितलं आणि घातली. बरणीवर वाटी उपडी ठेवावी तशी ती त्याच्या टाळूवर बसली. कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट झाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"अरे धुतलीय ती!" ऑर्व्ही ओरडला. "मी धुतली, गरम पाण्यात. आटलीय ती!"

"आजच धुतलीत, आजोबा?" हॅस्किन्सने वहीत लिहितालिहिता विचारलं. "अठरा वर्षं नाही सुचलं?"

"अठरा वर्षं ती माझ्याकडे होती काय, शहाण्या?"

ऑर्व्हीने लायलच्या डोक्यावरची टोपी ओढली आणि सरळ हॅस्किन्सच्या डोक्यावर दाबली. जाईना. दोन्ही हातांनी दाबली. तरी जाईना. मग पलीकडच्या बुटक्या फोटोवाल्याच्या डोक्यावर घातली, त्यालाही नाही. स्वतःच्या टकलावर ठेवली, तर ती घसरून खाली पडली.

"काय रे? सगळेच सुया घेता वाटतं? मीपण घेतो! लिहा की आता!"

लोक खो-खो हसले. हॅस्किन्सही हसला. कॅमेरा मात्र एकही वाजला नाही. फोटोवाल्यांनी कॅमेरे खांद्यांना लावले, "आभारी आहोत, लायल" म्हणाले आणि आले तसे निघून गेले.

खोलीत दोघंच उरले. ऑर्व्हीने वाकून टोपी उचलली, मांडीवर झटकली.

"ऑर्व्ही," लायल हळूच म्हणाला, "खरं सांग. ती मला बसणार नाही असं वाटलं तुला? मला सबब मिळावी म्हणून धुतलीस?"

 म्हाताऱ्याचे कान लालबुंद झाले.

"दरवर्षी तुझ्या टोप्या कोण मागवतो? मीच ना? पहिल्या वर्षीचंच माप मागवतो अजून! पण सांगून कोण खरं मानणार? क्लबचा पगारी माणूस मी." त्याला धाप लागली. "आणि तू मलाच विचारतोस? अठरा वर्षांत मळका कपडा घालून कधी बाहेर सोडलंय तुला? एकदा तरी?"

 बाहेर भोंग्यावर लायलचं नाव पुकारलं, आणि मागोमाग ते सुरू झालं, "भोपळ्या! भोपळ्या!"

त्याने ऑर्व्हीच्या हातातली टोपी घेऊन आपल्या खुंटीला अडकवली. रोजची टोपी घातली, बॅट उचलली. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"मिठाचे पट्टे मात्र गेले हं सगळे," तो म्हणाला.