शेजारचा खडखडाट

वाकणकरबाईंनी घरून आणलेला नॅपकिन घडी घालून कीबोर्डखाली सरकवला, चार ओळी टाइप केल्या आणि शेजारच्या मृण्मयीला विचारलं, "आता येतोय का गं आवाज?"

खडखडाट जसाच्या तसा होता. मृण्मयीला मान वर करवेना. बाईंच्या टायपिंगने डोकं उठतं, ही तक्रार साहेबांकडे गुपचूप तिनेच केली होती.

"टाइपरायटरवर शिकलेली बोटं, दणकाच बसतो," बाई ओशाळून म्हणाल्या. केस मागे सारून त्यांनी कानातलं श्रवणयंत्र दाखवलं. "याने माणसं ऐकू येतात, ही खटखट नाही. साहेब म्हणाले, पुन्हा तक्रार आली तर स्टोअररूममध्ये बसवीन. तूच सांगत जा. बाकीचे मागून चुगल्या करतात, तू तोंडावर सांगशील."

"नाही हो, अजिबात नाही येत," मृण्मयी म्हणाली.

बाई निर्धास्त होऊन दणादण टाइप करू लागल्या. साहेबांच्या केबिनचं दार उघडलं.