रुमालातला प्रसाद

रविवारची प्रार्थना संपली, लोक मागच्या हॉलमध्ये चहाला गेले, तरी पद्माकर बाकावरून उठले नाहीत. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात पांढरा रुमाल होता आणि रुमालात नाण्याएवढी, कागदासारखी पातळ चकती. हा नववा रविवार. आज चर्चच्या रेव्हरंडबाईंना सांगून टाकायचंच, असं ठरवून ते घरून निघाले होते. पण पुढे गेल्यावर धीर सुटला आणि आजही त्यांनी हात पसरले.

सुरुवात झाली ऑलिव्हबाईंपासून. आयर्लंडमधल्या पोर्टलीशला मुलाकडे, सारंगकडे, राहायला येऊन पद्माकर आणि त्यांची बायको प्रमोदिनीबाई यांना दोन वर्षं झाली होती. गेल्या हिवाळ्यात प्रमोदिनीबाई दारातल्या बर्फावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्या पलंग सोडीनात. तीस वर्षं मिशनच्या इस्पितळात नर्स म्हणून काढलेली बाई पेशंट म्हणून मात्र अगदीच हट्टी निघाली.

नात रेवा चर्चच्या शाळेत जायची. तिथे ही बातमी पोचली आणि दर गुरुवारी दोन तास सोबतीला चर्चमधल्या ऑलिव्हबाई यायला लागल्या. येताना पत्र्याच्या डब्यात घरी भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, आणायच्या. जाताना प्रमोदिनीबाई पलंगावर बसूनच डबा स्वतःच्या हाताने भरून परत द्यायच्या. कुणाचा डबा रिकामा पाठवायची रीत त्यांच्या घरात नव्हती.

ते दोन तास पद्माकर वरच्या खोलीत पुस्तक उघडून बसत. सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेला. अनोळखी माणूस समोर आला की त्यांना घाम फुटे. या गावात ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही एकटे गेले नव्हते. ऑलिव्हबाईंनी एकदा चर्चला बोलावलं तेव्हा ते नाहीच म्हणणार होते, पण प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "अहो, ती आपल्यासाठी एवढी येते. एकदा जाऊन तरी या."

ते एकटेच गेले. बाकावरचे सगळे उठले तसे उठले, सगळ्यांसारखे पुढे जाऊन हात पसरले. रेव्हरंडबाई हेदर यांनी तळव्यावर ती चकती ठेवली. घरात आजारी माणूस असताना प्रसाद एकट्याने कसा तोंडात टाकायचा? पद्माकरांनी मूठ मिटली.

रुमाल उघडून दाखवला तेव्हा प्रमोदिनीबाई क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेवा तिथे. आंघोळ झाली की घेते. आधी सांगा, कोण कोण भेटलं?" पद्माकर तासभर सांगत बसले.

तिसऱ्या रविवारनंतर त्या काठी घेऊन खिडकीपर्यंत गेल्या. सहाव्यानंतर स्वयंपाकघरात. पद्माकर एरवी फारसे देवभोळे नव्हते, पण आता रविवार चुकवायची त्यांना भीती वाटू लागली.

मग या बुधवारी जेवताना त्यांनी रेवाला प्रसाद घरी आणण्याबद्दल सहज विचारलं आणि ती खाताखाता थांबली. "आजोबा, यू कान्ट टेक इट होम," ती म्हणाली. तो प्रसाद नसतो, त्यांच्या देवाचं शरीर असतं, तिथेच खायचं असतं, आणि खिशात घालून नेणं म्हणजे फार वाईट, असं तिने तिच्या इंग्रजीत नीट समजावून सांगितलं. प्रमोदिनीबाई खाली मान घालून भात कालवत होत्या.

तेव्हापासून पद्माकरांच्या मनात तेच घोळत होतं. या लोकांनी शेजारी जागा दिली, नाव नीट म्हणायला शिकले, चहात साखर किती ते लक्षात ठेवलं, आणि आपण त्यांचा देव खिशात घालून नेला. सांगितलं तर ऑलिव्हबाई येणं बंद होणार. त्या आल्या नाहीत की प्रमोदिनी पुन्हा पलंग धरणार. न सांगावं, तर गुरुवारी त्या बाईंच्या तोंडाकडे बघायचं कसं?

बाकांवरची भजनांची पुस्तकं गोळा करत रेव्हरंड हेदर त्यांच्यापर्यंत आल्या. "ऑल ग्रँड, पद्माकर?" सगळं ठीक ना, हे त्या नेहमी असंच विचारायच्या.

पद्माकरांनी रुमाल बाहेर काढला. मांडीवर ठेवून उलगडला. घरून घोकून आलेलं इंग्रजी आठवेना, तरी सगळं सांगितलं. बायकोचा पलंग, प्रसाद, कोटाचा खिसा, नातीचं बोलणं.

"नऊ वेळा केलं मी हे," ते म्हणाले. "ऑलिव्हबाईंना यातलं काही माहीत नाही. मला इथे येऊ देऊ नका, पण त्यांचं येणं बंद करू नका. माझी बायको त्यांच्यामुळे उठली."

रेव्हरंडबाई पुस्तकं बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी बसल्या. मग त्यांनी रुमालातली चकती उचलली, डोळे मिटले आणि स्वतःच्या तोंडात टाकली.

"आधीच्या आठही अशाच संपवल्या मी," त्या म्हणाल्या.

पद्माकरांना काही कळेना. "पण त्या तर... प्रमोदिनीने..."

"दर गुरुवारी ऑलिव्ह तुमच्या घरून निघते ती डबा घेऊन सरळ माझ्याकडे येते. आत जखमेवर बांधायच्या पांढऱ्या गॉजची घडी असते आणि घडीत ती चकती. पहिल्या वेळी मी तुम्हाला समजावून सांगायला निघालेच होते. पण घडीबरोबर हे होतं."

त्यांनी आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातून एक कार्ड काढून पद्माकरांच्या हातात दिलं. मजकूर इंग्रजीत, पण अक्षर ओळखीचं होतं, इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी लावायच्या तक्त्यावर लिहावं तसं ताठ आणि सुटं.

"पेशंट पद्माकर, वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षांत आज प्रथमच एकटे घराबाहेर पडले. औषध मी परत पाठवत जाईन. उपचार कृपया थांबवू नयेत."