हीटरला बांधलेली वायर

"फिरव!" बॉनेटखालून धाकटा ओरडला.

केबिनमध्ये त्याच्या बायकोने हीटरचा नॉब गारकडे फिरवला. "फिरवला. गरमच येतंय."

"नीट फिरव म्हटलं ना!"

"याहून नीट फिरवायला मी मिस्त्री नाही."

बाहेर ऊन रणरणत होतं आणि जुना ट्रक त्यांना आतून शेकत होता. हीटर बंदच होत नव्हता. काल चढावर तिला भोवळ आली होती. आज टोमॅटो वेळेवर वरच्या बाजारात पोचले, तर व्यापारी कायमचं काम देणार होता. नाही पोचले, तर ट्रक विकून दुसऱ्याची गाडी हाकायची पाळी येणार होती.

"दादांना विचारा ना एकदा. इतकी वर्षं त्यांनीच चालवलाय."

"जीव गेला तरी विचारणार नाही!"

गेल्या महिन्यात वाटणीच्या वेळी थोरला भाऊ म्हणाला होता, "नवा ट्रक तू घे." "तुझे उपकार नकोत," म्हणत धाकट्याने जुन्याची किल्ली हिसकावून घेतली. "हीटरला हात लावू नकोस," थोरल्याने मागून एवढंच बजावलं. नंतर त्याचे फोन आले, ते धाकट्याने उचललेच नाहीत.

"आणि शिवाय रोज माझ्या मागे येतो," धाकटा धुसफुसला. "चढ लागला की आरशात हाच. रिकामी गाडी घेऊन! माझं गिऱ्हाईक पळवायला टपलाय."

केबल ठीक होती. नॉबही ठीक होता. रागात माणूस पाना उलटा फिरवतो; धाकट्याने बोटं सोलून घेतली. शेवटी इंजिनाच्या मागच्या अंगाला, हीटरकडे गरम पाणी सोडणारा व्हॉल्व्ह सापडला. तांब्याच्या वायरने तो कायमचा उघडा बांधून टाकला होता. पीळ अगदी फुरसतीत दिलेले.

"बघ तुझ्या दादांची करणी! मला भाजून काढायला बांधलीय!"

तिने उतरून वायर पाहिली आणि तिचंही माथं भडकलं. "सख्खा भाऊ की वैरी?"

पक्कडीने वायर तुटली आणि गटारात गेली. नॉब फिरवला, गार हवा आली. दोघं हसत निघाली.

चढ लागला. आरशात नवा ट्रक दिसला. "ये, बस बघत," धाकटा म्हणाला.

अर्ध्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रंगात शिरला. याआधी तो मध्यावरून कधी हलला नव्हता. बॉनेटमधून वाफ फुसफुसली. धाकटा शिव्या घालत उतरला आणि फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणावर झेपावला.

"हात काढ, गाढवा! भाजशील!"

थोरला पाण्याचे भरलेले कॅन घेऊन धावत आला. वाकून व्हॉल्व्ह पाहिला आणि कपाळावर हात मारला. "रेडिएटर बुजलाय याचा. हीटर उघडा असला की उष्णता केबिनमध्ये निघून जाते, तरच इंजिन गार राहतं. म्हणून बांधला होता!"

"दादा, नव्या ट्रकला एवढं पाणी लागतं?" बायकोने विचारलं.

"नव्याला कशाला लागेल?" थोरला खेकसला. "हा तापट. कधी ना कधी वायर तोडणार, माहीत होतं. म्हणून तर रोज गाडी रिकामी ठेवून मागे येतो. चला, टोमॅटो चढवा माझ्या गाडीत."