अकरा मिनिटं

लायसन्स नव्हतं, म्हणून अंकुश वरठाने डिलिव्हरीच्या ॲपवर वाहन 'सायकल' असं भरलं आणि मेहुण्याच्या मोटारसायकलवरून पार्सलं पोचवू लागला. बोईसरमध्ये बरेच जण हेच करतात. ॲप काही खाली वाकून चाकं बघत नाही.

सहा महिन्यांनी मेहुण्याने गाडी परत नेली. मग अंकुशने खरंच एक जुनी सायकल घेतली. ॲपवरची माहिती पहिल्यांदाच खरी झाली आणि त्याच दिवसापासून उशीर होऊ लागला. स्टेशनपासून पाम गावापर्यंत मिळायची अकरा मिनिटं. उलट्या बाजूने, दोन टँकरच्या मधून काढली तरी सायकल वेळ गाठेना. तिसऱ्यांदा उशीर झाला की आयडी बंद, आणि आज दुसरा झाला होता. कारखान्यातून कमी केल्यापासून घर त्या आयडीवरच चाललं होतं.

गुडघ्याचं रक्त पुसत त्याने हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, अकरा मिनिटांत सायकल नाय पोचत ओ. एक दिवस टँकरखाली जाईन मी."

"पोचते, सर. तुमच्याच भागातल्या एका सायकलवाल्यावरून ही वेळ ठरवली आहे. सहा महिने तो रोज अकरा मिनिटांत जात होता."

"कोण हाय तो? नाव तरी सांगा, पाया पडतो त्याच्या."

मॅडमनी कॉम्प्युटरवर शोधलं.

 

"कुणी अंकुश वरठा म्हणून आहेत. ओळखता का?"