हनुवटीवरचा तीळ

मुरूम जावेत म्हणून यामिनीनं आदिलाबादच्या एका दवाखान्यात तीन महिने निळ्या लाईटाची ट्रीटमेंट घेतली. चांगला गुण आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला विचारून तिचे आधीचे-नंतरचे फोटो दवाखान्यात लावले, डोळ्यांवर काळी पट्टी मारून.

आज तिला पाहायला बेल्लमपल्लीहून भार्गव आणि त्याची आई वनमालाबाई मावला गावातल्या तिच्या घरी आले होते. पोह्यांची दुसरी बशी चाटूनपुसून रिकामी केल्यावर वनमालाबाईंना नकार सुचला.

"पोरगी शिकेल हाये, नोकरी बी हाये. पण चेहरा मशिनीचा हाये ना! दवाखान्यातल्या फोटोत डोये झाकले, तरी हनुवटीवरचा तीळ आमच्या भार्गवनं बराबर वळखला. आमी काऊन फसाचं? आमच्या पोराले पाहा, जलमात तोंडावर एक मुरूम नाही उठला!"

यामिनीचे बाबा, व्यंकटराव, चोरी पकडल्यासारखे मान खाली घालून बसले. भार्गवनं मात्र आपला गुळगुळीत गाल जरा उजेडाकडे वळवला.

यामिनी शांतपणे उठली आणि बशा गोळा करू लागली. भार्गवची बशी उचलताना ती वनमालाबाईंकडे पाहून हसली.

"काकू, तो फोटो बाहेर कोठंच नाही लावला. पेशंटले धीर यावा म्हणून आतल्या खोलीत छताले चिकटवला हाये. त्या निळ्या लाईटाखाली उताणं झोपल्याशिवाय कोणालेच दिसत नाही."